सात मिनिटं बारा सेकंद

मिस्त्रीच्या दुकानात रविवारी सकाळी दुरुस्तीचं काम होत नसे. शटर अर्धं वर, आत तीन स्टुलं, टेबलावर पोट उघडून पडलेला कुणाचा तरी अ‍ॅम्प्लिफायर, आणि वाद. हा वाद बावीस वर्षं चालला होता. एवढ्या काळात माणसं घरं बांधतात, मुलं मोठी करतात, दोन-चार सरकारं पाडतात. इथे फक्त स्टुलांची रेक्झिनं बदलली होती.

वाद दोन रॉक बँडांचा. त्यांची खरी नावं तिघांनाही ठाऊक होती, पण घरच्या माणसाला कोण पूर्ण नावाने हाक मारतं? ज्यांच्या रेकॉर्डी जगभर खपल्या, ज्यांचे टी-शर्ट त्यांचं एकही गाणं न ऐकलेली मुलंसुद्धा घालून फिरतात, ते थोरले. आणि जे पाच अल्बम काढून विझले, ज्यांचं नाव घेतलं की समोरचा ‘कोण?’ म्हणतो, ते धाकटे. धाकट्यांचा सगळ्यात कमी खपलेला अल्बम म्हणजे त्यांचा चौथा. दुकानात त्याला नुसतं ‘चौथा’ म्हणत.

चौथ्याचा कैवार घेणारा होता कानामात्रा. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका वेचण्यात गेली, म्हणून हे नाव. खानावळीच्या मेन्यूकार्डातली चूक दाखवल्याशिवाय त्याच्या घशाखाली पाणीही उतरत नसे. एकदा त्याने मिस्त्रीच्या भिंतीवरच्या दरपत्रकातल्या एका शब्दावर लाल पेनाने काट मारली, मग शब्द बरोबरच होता हे ध्यानात आल्यावर निमूटपणे त्याच्याखाली ठिपक्यांची ओळ काढली. छापखान्यात काटलेल्या शब्दाखाली ठिपके दिले की त्याचा अर्थ, काट रद्द, आहे तसं राहू द्या. ते दरपत्रक काटेसकट आणि ठिपक्यांसकट अजून भिंतीवर होतं, आणि मिस्त्री येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कौतुकाने दाखवायचा.

थोरल्यांची बाजू एका भूलतज्ज्ञ बाईंकडे होती. दोघं त्यांना डॉक्टर म्हणत. आठवडाभर लोकांची शुद्ध घालवायची आणि रविवारी या दोघांना शुद्धीवर आणायचं, असा आपला धंदा आहे, असं त्या स्वतःच सांगत.

“चौथा आधी निघाला. थोरल्यांच्या त्या जड अल्बमाच्या चौदा महिने आधी,” कानामात्रा म्हणायचा. “तारीख वेष्टनावर छापलीय.”

“छापलेल्यावर तुमचा विश्वास कधीपासून बसला?” डॉक्टर.

“तारखेवर आहे. बाकीच्यावर नाही. आता गिटार ऐका. त्या काळात तारा सैल करून एवढ्या खालच्या सुरात कुणी उतरवल्या होत्या? ड्रम ऐका. ओली गादी जिन्यावरून ओढत नेल्यासारखा वाजवतो तो माणूस. पुढच्या उन्हाळ्यात थोरले आणि धाकटे एका बसमधून गावोगाव फिरले, आणि वर्षाच्या आत थोरल्यांच्या गिटारी खाली आल्या. आता हा योगायोग म्हणायचा, की थोरल्यांनी यांच्याकडून उचललं म्हणायचं?”

“मग धाकट्यांच्या पाचव्यात तो जडपणा गेला कुठे? पाचवा मी सीडीवर ऐकलाय. नुसत्या उड्या मारतो. तिसराही तसाच. मधला हा एकच बरा अंग धरून बसला?”

“धीर सुटला त्यांचा. कुणी दखल घेतली नाही, की माणूस आपलं सोडून चारचौघांसारखं करायला लागतो.”

हे वाक्य कानामात्रा दर वेळी जरा हळू म्हणायचा. मिस्त्रीला वाटे, हा काही फक्त बँडाबद्दल बोलत नाहीये. पण मित्राला असलं काही विचारायची त्यांच्यात पद्धत नव्हती. मिस्त्री दोन्ही बाजूंना मान डोलवायचा आणि चहा ओतायचा.

चौथा या दुकानात आला तो एका जहाजावरच्या आचाऱ्यामुळे. बावीस वर्षांपूर्वी तो आपला रेकॉर्ड प्लेअर दुरुस्तीला घेऊन आला. मोटरवरची प्लॅस्टिकची पुली फुटून तिचे तुकडे झाले होते. ही पुली पट्ट्याने तबकडी फिरवते आणि तिच्या जाडीवर वेग ठरतो. आचारी दुसऱ्या दिवशी पहाटे जहाजावर चढणार होता, त्याला मशीन संध्याकाळी घरी हवं होतं. चाचणीसाठी म्हणून कुठल्याशा बंदरात घेतलेली एक रेकॉर्डही तो ठेवून गेला. मिस्त्रीने पिशवीतून ती काढली आणि त्याचे हात थांबले. धाकट्यांचा चौथा. ज्याच्याबद्दल फक्त वाचलं होतं, जो कधी सीडीवर आला नव्हता, आणि पुढेही कंपन्यांच्या कोर्टकज्ज्यात असा अडकला की कुणी इंटरनेटवर टाकला तर दुसऱ्या दिवशी काढून टाकला जाई.

मिस्त्रीने कानामात्राला छापखान्यातून बोलावून घेतलं. डॉक्टर तेव्हा शिकत होत्या, त्या तास बुडवून आल्या. फुटक्या पुलीचे तुकडे जुळवून मिस्त्रीने माप घेतलं, शेजारच्या लेथवाल्याकडून पितळेची नवी कातून आणली, बसवली. आणि इथे त्याच्या हातून ते झालं.

मिस्त्रीचा एक नेम होता. प्लेअर दुरुस्त झाला की तबकडीवर ठिपक्यांची एक चकती ठेवायची, जुन्या ट्यूबलाइटखाली फिरवायची. वेग बरोबर असेल तर फिरता फिरता ठिपके एका जागी उभे दिसतात, चुकला असेल तर सरकत राहतात. या चकतीशिवाय त्याच्या दुकानातून एकही मशीन बाहेर गेलं नव्हतं. त्या दिवशी गेलं. दोघं स्टुलांच्या कडेवर बसले होते, घड्याळात चार वाजत होते, आणि मिस्त्रीला स्वतःलाच आता एक मिनिट धीर धरवत नव्हता. त्याने चकतीऐवजी थेट चौथा ठेवला आणि कॅसेटचं रेकॉर्डिंग चालू केलं. पहिल्या गाण्याची पहिली तार वाजली तेव्हा तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कानामात्राच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तो ते लपवत नव्हता.

संध्याकाळी आचारी मशीन आणि रेकॉर्ड घेऊन गेला. मिस्त्रीने कॅसेटच्या आठ प्रती काढल्या आणि वाटल्या. मोजून अकरा माणसांनी चौथा ऐकला, त्यातल्या बहुतेकांनी एकदाच. कानामात्राने मात्र रोज ऐकला. छापखान्यापासून त्याच्या घरापर्यंत चालत जायला शेवटचं लांबलचक गाणं तीनदा वाजावं लागे. त्याची बायको शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळली होती, तेव्हा तिला झोप लागावी म्हणून तो हेच गाणं बारीक आवाजात लावायचा. रॉकच्या गाण्याने झोप लागणारी ती जगातली एकटीच बाई असेल, पण लागायची.

तपासनीस तो तपासनीसच. वेष्टनाची एक झेरॉक्स त्याने करून घेतली होती. तिच्यावर शेवटच्या गाण्याचा अवधी सात मिनिटं बारा सेकंद असा छापला होता. कानामात्राने घड्याळ लावून पाहिलं. सात मिनिटं चाळीस. बाकीची गाणीही अशीच, छापल्यापेक्षा थोडी थोडी लांब. त्याने लाल पेन घेऊन सगळे आकडे सुधारले आणि ती झेरॉक्स दुकानात चिकटवली. “बघा, छापणाऱ्यांनी याचीही नीट दखल घेतली नाही,” तो म्हणाला. छापलेलं चुकीचं असतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यामुळे छापलेलं बरोबर असेल ही शंका त्याला शिवलीच नाही, आणि त्याने एवढ्या ठामपणे सांगितल्यावर इतरांनाही शिवली नाही.

आठ महिन्यांपूर्वी आचाऱ्याची मुलगी दुकानात आली. वडील गेले, म्हणाली. घर आवरताना हे सापडलं, चालू करून द्या, भावाला हवंय. तोच प्लेअर. मिस्त्रीने पट्टा बदलला आणि नेमाप्रमाणे चकती ठेवली. ठिपके मागे सरकायला लागले. हळूहळू, एका लयीत, सगळे एका दिशेने.

त्याने पुली काढून मापली. नखाच्या जाडीएवढी कमी भरली. तुकडे जुळवताना मधला एक टवका निसटलेला असणार. शेकडा सहाचा फरक. म्हणजे गाणी सहा टक्क्यांनी हळू आणि सूर एक पट्टी खाली. म्हणजे धाकट्यांनी तारा उतरवल्याच नव्हत्या. त्या मिस्त्रीने उतरवल्या होत्या.

त्याने नवी पुली कातून आणली, चकतीवर ठिपके उभे राहिलेले पाहिले, मशीन देऊन टाकलं. रेकॉर्ड मुलीला नको होती. “तुम्हीच ठेवा, आमच्याकडे हे कुणी ऐकत नाही,” ती म्हणाली. मिस्त्रीने रेकॉर्ड जुन्या ट्रान्सफॉर्मरांच्या मागे ठेवली, आणि बाद झालेली पुली टेबलाच्या खणात. येत्या रविवारी सांगू, असं त्याने ठरवलं. त्या रविवारी कानामात्राला ताप होता. पुढच्या रविवारी तो इतका खुशीत होता की सांगवेना. त्यानंतरच्या रविवारी, आधी का नाही सांगितलं, हेही सांगावं लागणार होतं. शेवटी मिस्त्रीने स्वतःची समजूत घातली की या नुसत्या गप्पा आहेत, तीन माणसांच्या. गप्पांनी कुणाचं काय बिघडतं?

आणि मग एका रविवारी कानामात्रा इस्त्रीचा शर्ट घालून आला.

छापखान्यात छापल्या जाणाऱ्या एका संगीतविषयक मासिकाचा संपादक त्याच्याशी स्वल्पविरामावरून भांडायला म्हणून आला होता, आणि तासाभराने त्याच्याकडे लेख मागून गेला. कोर्टाचा निकाल लागला होता. पुढच्या महिन्यात चौथा नव्याने निघणार होता, जगात सगळीकडे, एकाच दिवशी. त्याच सुमारास अंक निघेल. चार पानं. वर लेखकाचं नाव.

“पस्तीस वर्षं मी नावं तपासतोय,” कानामात्रा म्हणाला. “माझं नाव तपासायची वेळ पहिल्यांदा आलीय. दोनदा तपासलं.”

त्याने लेख वाचून दाखवला. चांगला होता. मिस्त्रीला वाटलं होतं तितका तावातावाचा नव्हता. त्यात उतरवलेल्या तारा होत्या, ओली गादी होती, बसमधला तो उन्हाळा होता. धाकट्यांचा धीर कसा सुटला यावर एक अख्खं पान होतं, आणि ते ऐकताना डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला. शेवटी एक तळटीप होती. मूळ वेष्टनावरचे गाण्यांचे अवधी चुकीचे छापले गेले आहेत, प्रस्तुत लेखकाने ते घड्याळ लावून तपासले आहेत, शुद्ध अवधी पुढीलप्रमाणे.

“मला पटलं नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “पण मला असं लिहिता आलं नसतं. आता महिन्याभरात सगळं जग ऐकेल आणि ठरवेल.”

“ऐकू दे की. मी तर तेच म्हणतोय बावीस वर्षं.” कानामात्राने कागद जपून घडी केले. “बुधवारी पानं मशीनवर चढतील. मिस्त्री, तू काही बोलला नाहीस?”

“चांगलं आहे,” मिस्त्री म्हणाला. “फार चांगलं आहे.”

घरी मिस्त्रीची बायको पाळणाघर चालवायची. दिवसभर वीस पोरांचे गुन्हे निवडून काढायची सवय असलेल्या बाईपुढे नवऱ्याचं तोंड कितीसं टिकणार? सोमवारी दुपारी तो जेवायला आला आणि पाण्याचा पेला हातात धरून नुसताच बसला.

“काय फोडलंत?” तिने विचारलं.

त्याने सगळं सांगितलं. तिला बँडांतलं काही कळत नव्हतं, आणि ते कळायची गरजही नव्हती.

“पोरांना मी हेच सांगते,” ती म्हणाली. “फोडलंस ते नंतर बघू, लपवलंस का, ते आधी बोल. अहो, आठ महिने? त्याची बायको गेली तेव्हा तुम्ही रोज डबा घेऊन जात होता त्याच्याकडे. आणि एवढंसं तोंड उघडवेना?”

“लेख मागे घ्यावा लागेल त्याला.”

“मग काय, छापून आल्यावर लोक हसतील तेव्हा सांगणार आहात? त्याला तोंडावर पाडायचं असेल तर तुम्ही पाडा. परक्यांवर ते काम सोपवू नका.”

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मिस्त्रीने कानामात्राला दुकानात बोलावलं. प्लेअर टेबलावर मांडून ठेवला होता, स्वतःचा, घरून आणलेला. कानामात्रा डबा उघडतच आत आला आणि वेष्टन पाहून तसाच थांबला.

“कुठे मिळाली?”

“आचाऱ्याच्या मुलीने दिली. बस. ऐक आधी.”

सुई टेकली. पहिलं गाणं सुरू झालं. गिटार चकचकीत होती, ड्रम चटपटीत, आणि गाणारा माणूस एकाएकी दहा वर्षांनी तरुण झाला होता. कानामात्रा दोन मिनिटं ऐकत राहिला. मग हसला.

“मिस्त्री, जोरात फिरवतोयस.”

मिस्त्रीने रेकॉर्ड उचलली, ठिपक्यांची चकती ठेवली, जुनी ट्यूब लावली. चकती फिरत होती आणि ठिपके शिस्तीत उभे होते. ही चकती कानामात्राने शेकडो वेळा पाहिली होती. तिचा अर्थ त्याला समजावून सांगावा लागला नाही. मग मिस्त्रीने खणातून पितळेची पुली काढून त्याच्यापुढे ठेवली आणि जे झालं ते सांगितलं. तुकडे, माप, लेथवाला, चार वाजले होते, चकती ठेवली नाही.

कानामात्राने पुली उचलली नाही. “शेवटचं लाव,” तो म्हणाला.

मनगटावरचं घड्याळ काढून त्याने टेबलावर ठेवलं. उघडा डबा तसाच होता. गाणं संपलं तेव्हा कानामात्राने काट्याकडे पाहिलं, मग भिंतीवर चिकटवलेल्या झेरॉक्सकडे, जिथे त्याच्या लाल अक्षरांखाली छापील आकडे अजून वाचता येत होते.

“सात बारा,” तो म्हणाला. “छपाई बरोबर होती.”

“काना, माझी चूक आहे. पुली माझी.”

“पुली तुझी. पण हे मी काटलंय.” मग त्याने विचारलं, “तुला केव्हा कळलं?”

खोटं बोलायला ती शेवटची जागा होती. “आठ महिने झाले,” मिस्त्री म्हणाला.

कानामात्राने मान हलवली, कुणी पत्ता सांगितल्यावर आपण हलवतो तशी. डब्याला झाकण लावलं, घड्याळ मनगटावर बांधलं, आणि सुट्टी संपायला वीस मिनिटं बाकी असताना तो निघून गेला. मिस्त्री शटरपर्यंत त्याच्या मागे गेला.

तो रविवार गेला. दुसरा गेला. डॉक्टर आल्या, मिस्त्रीकडून सगळं ऐकून घेतलं. बावीस वर्षांचा वाद त्या जिंकल्या होत्या आणि ते त्यांना अजिबात आवडलं नाही. “मी नेहमी पाचव्याचं विचारायचे,” त्या एकदाच म्हणाल्या. “आणि तुम्ही चहा ओतायचात.” मिस्त्रीने ते ऐकून घेतलं, कारण ते खरं होतं.

तिसऱ्या रविवारी त्यांनी मासिकाचा अंक आणला. चौथा त्याच आठवड्यात निघाला होता. चार पानांच्या लेखाच्या जागी एक जाहिरात होती आणि अर्ध्या पानाची एक टिपणी, कार्यालयातल्या कुणीतरी लिहिलेली, नावाशिवाय. धाकट्यांचा चौथा अल्बम नव्याने उपलब्ध झाला आहे, हा त्यांचा इतर अल्बमांसारखाच उत्साही आणि नीटस प्रयत्न आहे, वगैरे. खाली गाण्यांची यादी होती, अवधींसकट. मिस्त्रीने ती बोट ठेवून वाचली. सगळे आकडे बरोबर होते. शेवटच्या गाण्यापुढे ७:१२ लिहिलं होतं. हे पान मशीनवर चढण्याआधी कुणाच्या हाताखालून गेलं असेल, हे कुणाला सांगायची गरज नव्हती. मिस्त्रीने अंक मिटला आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसला.

“मी ऐकला तो नवा,” डॉक्टर म्हणाल्या. “वाईट नाहीये. पण वाईट वाटलं.”

त्या गेल्यावर मिस्त्रीने कपाटाच्या वरच्या कप्प्यातून मूळ कॅसेट काढली, जिच्यावरून आठ प्रती निघाल्या होत्या. तिच्या चिठ्ठीवर बावीस वर्षांपूर्वीच्या कानामात्राच्याच वळणदार अक्षरात बँडाचं नाव होतं आणि खाली ‘चौथा’. मिस्त्रीने टेबलावरचं पेन घेऊन त्यावर काट मारली. चुकीच्या मापाचा माल तो नेहमी असाच बाद करायचा. फेकून मात्र देववेना, म्हणून ती खणात, पितळेच्या पुलीशेजारी ठेवली.

चौथ्या रविवारी डॉक्टर आधी आल्या. मिस्त्रीने स्टोव्ह पेटवला. शटरखालून आधी दोन बूट दिसले, मग वाकून कानामात्रा आत आला आणि नेहमीच्या स्टुलावर बसला. मिस्त्रीने तिसरा कप काढला.

“पुलीचं काही नाही,” कानामात्रा कपाकडे बघत म्हणाला. “माणूस आहे, घाई होते. माझ्यासमोर बसून तू आठ महिने चहा ओतलास, ते आहे.”

“हो,” मिस्त्री म्हणाला.

“ते राहील काही दिवस.”

“राहू दे.”

डॉक्टरांनी घसा साफ केला. “टिपणी तुम्हीच तपासलीत?”

“पान माझ्याकडेच यायचं होतं. एक चूक होती, ‘उपलब्ध’मधली. काढली.” त्याने चहाचा घोट घेतला. “नव्यातलं शेवटचं गाणं तीनदा लावलं. घरी जाताना. घर यायच्या आत संपतं. थोरल्यांनी यातून काही उचललं असेल असं मला वाटत नाही.”

बावीस वर्षांत हे वाक्य या दुकानात पहिल्यांदा उच्चारलं गेलं. डॉक्टरांनी ते पदरात पाडून घेतलं नाही. उलट त्या जरा चिडूनच म्हणाल्या, “मग आपण तेव्हा जे ऐकलं ते काय होतं? तुम्ही रडला होतात. माझ्याही अंगावर काटा आला होता. ते काय खोटं होतं?”

“तेच तर म्हणतोय मी.” कानामात्रा पुढे सरकून बसला, आणि मिस्त्रीच्या लक्षात आलं की आता वाद सुरू होतोय. “तुम्ही मला सांगा, सगळ्यात दुर्लक्षित अल्बम कोणता? धाकट्यांचा नवा आजपर्यंत लाखभर लोकांनी ऐकला असेल. आपला अकरा जणांनी. त्यातले दोघं गेले, पाच जणांनी कॅसेटी हरवल्या. याच्याहून दुर्लक्षित अल्बम दाखवा, मी पैज हरतो.”

“आणि त्यावर प्रभाव कुणाचा?” डॉक्टर.

“तो बसलाय स्टोव्हपाशी.”

डॉक्टर हसल्या. मिस्त्रीला हसावं की नाही कळेना.

“कॅसेट आहे का ती पहिली?” कानामात्राने विचारलं. “माझी प्रत घासून गेलीय. तिला ऐकवायचो तेव्हापासूनच. नव्यात ती झोपली नसती, मिस्त्री. मी लावून पाहिला अंधार करून. त्यात झोप नाहीये.”

मिस्त्रीने खण उघडला. कॅसेट पुढे करताना त्याला काट आठवली आणि हात अर्ध्यावर थांबला, पण तोवर कानामात्राने ती घेतली होती. त्याने चिठ्ठी पाहिली. आपलं जुनं अक्षर पाहिलं, त्यावरची आडवी रेघ पाहिली.

“हे कुणी केलं?”

“मी. चुकीची आहे ना.”

कानामात्राने खिशातून लाल पेन काढलं, कॅसेट गुडघ्यावर टेकवली आणि काटलेल्या नावाखाली एकामागून एक ठिपके द्यायला लागला. बँडाच्या नावाखाली दिले, मग खालच्या शब्दाखाली दिले, घाई न करता. संपल्यावर त्याने ती मिस्त्रीच्या हातात दिली आणि भिंतीला टेकून बसला.

मिस्त्रीने कॅसेट डेकमध्ये घातली आणि बटण दाबलं.